खाली कर ती वात

परवा सूनबाईनं दिवेलागणीच्या बऱ्याच आधी ओटीवरचा कंदील लावला आणि मी आतून खेकसलो, "अजून दिवस आहे ना? सूर्याला काय रजा दिलीत?" घरातले सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते वाश्याचं. पस्तीस वर्षं होऊन गेली, पण मेला माझ्या घशात ठाण मांडून बसलाय, आणि माझं वय होतंय तसा जास्तच बोलायला लागलाय.

वाश्या म्हणजे वासुदेव. ठाण्याला मॅट्रिकच्या वर्गात आम्ही बरोबर होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती, आणि घासलेट नुकतंच घरोघर जळायला लागलं होतं. मी पनवेलचा. वडिलांनी एक तांदळाचं पोतं आणि एक घासलेटचा डबा बरोबर देऊन मला तळ्यापलीकडच्या आळीत, बयाकाकूंच्या पडवीतल्या खोलीत आणून सोडलं होतं. चार दिवसांनी शहापूरच्या पलीकडच्या डोंगरातून वासू आला. उंच, किडकिडीत, मान जराशी तिरकी. बरोबर एक वळकटी, एक तांब्या आणि सात वार.

वार म्हणजे काय ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. गरीब विद्यार्थी असला की सात घरं एकेक दिवस वाटून घ्यायची. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. वासूच्या गावच्या गुरुजींनी आपला शब्द टाकून ठाण्यातली सात घरं मिळवली होती, पण ती एका वर्षापुरती. पुढल्या साली तेच वार गावातल्या पुढच्या मुलाला जायचे होते. म्हणजे वासूला मॅट्रिक व्हायचं तर पहिल्या खेपेलाच. नापास झाला तर ठाण्यात त्याला पानावर बसवणारं घर उरणार नव्हतं. हे सगळं त्यानं पहिल्याच संध्याकाळी वळकटी सोडता सोडता मला सांगितलं. मला वाईट वाटलं. मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात तो माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "अरे अरे, ती आगकाडी अख्खी ओढतोस?"

आगकाडी अख्खी नाही तर काय पाव ओढायची? पण वाश्याकडे उत्तर होतं. त्यानं कमरेचा चाकू काढला, आगकाडी पाटावर उभी धरली आणि गुलापासून शेपटापर्यंत तिचे दोन उभे तुकडे केले. एकीच्या दोन! या पद्धतीनं दर चार काड्यांतल्या दोन तरी मोडायच्या, एखादी चाकूखालीच भस्सकन पेटायची आणि त्याची बोटं भाजायची. "हात बसेल हळूहळू," तो बोट तोंडात घालून म्हणायचा. तो काही बसला नाही. शेवटी त्यानं आगकाडीच बंद केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ खापरावर विस्तव आणायला बयाकाकूंच्या चुलीपाशी जायला लागला.

"मेल्या, आज विस्तव मागतोस, उद्या धूर मागशील!" काकू करवादायच्या.

"धूर असतोच काकू, तो मागायला लागत नाही," हा आपला शांतपणे म्हणायचा. त्याला टोमणा कळत नसे असं नाही. कळला तरी तो मनाला लावून घेत नसे.

पाण्याचं तर विचारूच नका. काकूंच्या परसात चांगली भरलेली विहीर होती. मी दोन बादल्या ओतून अंघोळ करायचो आणि हा शेजारी उभा राहून माझ्याकडे बघायचा. नुसता बघायचा. अंगावर पाणी घेताना कुणी असं बघत असेल तर अंघोळीचं सुख राहतं का? स्वतः तो काकूंच्या परातीत उभा राहून दोन तांब्यांत अंघोळ करी. परातीत पडलेल्या पाण्यात पंचा धुई. पंचाचं पाणी अळवाला. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, विहीर काय तुझ्या बापाची आहे म्हणून जपतोस?" तर म्हणाला, "आमच्याकडे चैत्रात एक कळशी आणायला आई दोन टेकड्या उतरते आणि दोन चढते. मला पाणी दिसलं की त्या टेकड्या दिसतात, मी काय करू?" माझी दुसरी बादली तशीच राहिली. आणि मला राग आला तो याचा की दुसऱ्या दिवशीही राहिली. काकूंचं अळू मात्र त्या वर्षी असं माजलं की त्या आल्यागेल्याला फतफतं वाढत सुटल्या होत्या.

माझा स्वयंपाक मी करायचो. म्हणजे त्याच्या येण्याआधी करायचो. आल्यावर आठ दिवसांत चूल त्याच्या ताब्यात गेली. स्वतःला माझ्या घरचा भात खायचा नाही, पण तो शिजायचा कसा हे हा ठरवणार! त्याचं म्हणणं असं की भाताला एकदा कढ आला की पुढचं लाकूड नुसतं डौलाला जळतं. म्हणून त्यानं भात कांडणाऱ्या बाईकडून टोपलीभर तूस आणलं, मधे खळगा केला, कढ आलेलं पातेलं त्यात बसवलं, वरून पुन्हा तूस आणि त्यावर गुंडाळली घोंगडी. घोंगडी कोणाची? माझी! "तुझी जाड आहे," हे कारण. पहिल्या दिवशी शाळेच्या घंटेच्या आधी उघडून पाहिलं तर भाताला करकरीत कणी. मी तसाच गिळला आणि वर्गात दिवसभर पोट धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "वाश्या, आज त्या टोपलीला हात लावलास तर तुला विहिरीत ढकलीन." तो म्हणाला, "तू घाई करतोस. आता उघडूच नको. शाळेतून आल्यावर उघड." रागानं मी उपाशीच शाळेत गेलो. परत येऊन घोंगडी काढली तर वाफ अंगावर आली. एकेक शीत मोकळं, आईच्या हातच्यासारखं. मी दोनदा वाढून घेऊन भात खाल्ला आणि तो समोर बसून एक अक्षर बोलला नाही. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. थंडीत मात्र घोंगडीला तुसाचा वास यायचा आणि अंगाला खाज सुटायची. खाजवत खाजवत मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

पण कहर झाला तो पोस्टाच्या कार्डाचा. तेव्हा कार्डं नवीनच निघाली होती. वासूनं एक कार्ड घेऊन त्यावर बारीक अक्षरात आडवा मजकूर लिहिला. जागा संपली. दुसरं कार्ड घ्यावं की नाही? छे. त्यानं तेच कार्ड फिरवलं आणि त्या ओळींवरूनच उभा मजकूर लिहिला. मग कडेकडेनं तिरका. मी म्हटलं, "अरे, हे वाचणार कोण?" म्हणाला, "नीट बघितलं की दिसतं." गावात ते कार्ड आठ जणांनी नीट बघितलं. कोणाला 'तब्येत' दिसलं, कोणाला 'शेवट' दिसलं, आणि दोन्ही मिळून त्यांनी जो अर्थ लावला त्यापायी त्याचे गुरुजी धोतराचा काचा मारून गावाहून निघाले ते कार्ड टाकल्याच्या पाचव्या दिवशी आमच्या दारात उभे. घामाघूम, तोंडचं पाणी पळालेलं.

"आहे ना रे? वासू आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

वासू आत धूळपाटीवर बीजगणित करत बसला होता. कागद वाचावा म्हणून तो पाटावर वाळू पसरून बोटानं गणितं करायचा. गुरुजींनी त्याला आधी पोटाशी धरलं आणि मग अशी एक थोबाडीत दिली की पाटावरची वाळू उडाली. कार्डात लिहिलं होतं ते एवढंच, की तब्येत उत्तम आहे आणि अभ्यासाचा शेवट जवळ आला आहे. जाताना गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्तू, याच्यावर लक्ष ठेव हो. हुशार आहे, पण तऱ्हेवाईक. त्याला एकच साल आहे. पुढल्या साली मला दुसऱ्या पोराला पाठवायचंय, हे वार मी मोडू शकत नाही." मी मोठ्या तोंडानं म्हटलं, "काळजी करू नका गुरुजी." हे वाक्य मी का म्हटलं, असं मला नंतर फार वेळा वाटलं.

आता चिमणीचं सांगतो. पत्र्याची, वातीची, एवढीशी चिमणी. घासलेट माझं, चिमणी माझी आणि हुकूम वाश्याचा. अंधार इतका पडायला हवा की धोतराचा काठ कुठल्या रंगाचा ते ओळखू येऊ नये, मगच ती लागायची. लागली की दोघांनी वाचायचं नाही. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. पाठांतर म्हणायचं असेल तर फुंकर. "म्हणायला उजेड कशाला? तोंड सापडत नाही का?" आणि वाचताना दर दहा ओळींना, "खाली कर ती वात. धूर धरतेय." मी खाली करायचो. "अजून." अजून खाली करायचो. शेवटी वात इतकी खाली जायची की मला पुस्तकापेक्षा माझं नाकच जास्त दिसायचं.

वाचणारा नेहमी मी, कारण माझे उच्चार चांगले. ऐकणारा तो. आणि ऐकलेलं त्याला असं राहायचं की त्याचा हेवा वाटावा. भूमितीचे सिद्धांत तो मी वाचल्याप्रमाणे, मी जिथे खोकलो असेन तिथे थांबून म्हणून दाखवी. मास्तर म्हणायचे, हा पहिल्या पंचविसांत येणार.

इंग्लंडच्या इतिहासाचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. परीक्षेला पंधरा दिवस राहिले तेव्हा मास्तरांनी आपलं पुस्तक आठ दिवसांसाठी दिलं. नवव्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते नाशिकला जायचे होते आणि त्यांना ते बरोबर न्यायचं होतं. दिवसा मी ते शाळेत बाकाखाली धरून स्वतःसाठी वाचून घेतलं, आणि संध्याकाळी वासूला मोठ्यानं वाचून दाखवायचो. आठव्या संध्याकाळी तीसेक पानं राहिली होती. डोळ्यांना पाण्याच्या धारा, मान आखडलेली, घसा बसलेला. आणि भिंतीला टेकून, डोळे मिटून, हा महाराज म्हणतात, "दत्तू, खाली कर ती वात."

माझं डोकंच फिरलं. तेल माझं, डोळे माझे, घसा माझा, आणि वात याच्या हुकमानं! घे म्हटलं, तुला तेल वाचवायचंय ना, वाचव. मी पाच पानं एकदम उलटली आणि पुढून वाचायला लागलो. वाश्यानं एकदा डोळे उघडले, चिमणीकडे पाहिलं आणि परत मिटले. मला आसुरी आनंद झाला. उद्या सकाळी सांगू, थोडी जिरवू आणि मग वाचून दाखवू, असा माझा बेत होता. खरंच होता. पण मी उठलो तेव्हा वासू पुस्तक परत करून येऊन परातीत अंघोळीला उभा होता. मला म्हणाला, "मास्तरांची गाडी चुकली असती, म्हणून अंधारातच देऊन आलो."

मग मी सांगितलं नाही. एका पुस्तकातली पाच पानं, त्यातलं काय विचारणार आहेत, असं मनाशी म्हटलं. त्याला तोंडी सगळं सांगता आलं असतं, माझं वाचून झालं होतं. पण मग गाळली का, हे सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली. लाजेपायी मी गप्प बसलो, यापेक्षा मोठं कारण काही नाही.

मुंबईला परीक्षेच्या मांडवात इतिहासाची प्रश्नपत्रिका हातात पडली आणि मी ती दोनदा वाचली. त्या पाच पानांतली लढाई, तिची कारणं आणि तिचे परिणाम, दोन प्रश्न. मी मान वर केली. तीन रांगा पुढे वासू बसला होता. त्याची तिरकी मान सरळ झाली होती. तो समोर बघत होता, बराच वेळ. लेखणी त्यानं दौतीत बुडवली नव्हती. मी माझं उत्तर लिहिलं. चांगलं लिहिलं.

त्या काळी एका विषयात गेला की सगळ्यात गेला. निकालाचा कागद शाळेत लागला तेव्हा माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. इतिहासात थोडक्यासाठी गेला, असं मास्तर हळहळत म्हणाले. वासू खोलीवर आला, वळकटी बांधली. बयाकाकू परसात अळवाकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. "आणखी एक साल राहा, एक वार माझ्याकडे जेव रे मेल्या," त्या म्हणाल्या. तर हा म्हणाला, "एका वाराला जेवेन काकू, बाकीच्या सहा वारांना काय करू?" मी त्याच्या वळकटीची गाठ आवळून दिली. तो गेल्यावर फळीवर पाहिलं तर त्यानं माझ्यासाठी पेटी ठेवली होती, अर्ध्या आगकाड्यांची. मी ती संतापानं विहिरीत भिरकावली आणि मग विहिरीच्या काठाला धरून रडलो.

पुढे मी कचेरीत लागलो, बढत्या मिळत गेल्या. वासूचा पत्ता नव्हता. पंधरा वर्षांनी सरकारी कामासाठी नाशिकला निघालो असताना कल्याणला गाडी इंजिनात पाणी भरायला थांबली. दिवेलागणीची वेळ. पाय मोकळे करायला उतरलो तर फलाटाच्या टोकाला, दिवेखोलीपाशी, ओळखीचा आवाज.

"काठोकाठ भर! पळीभर कमी चालणार नाही. पहाटे विझला तर ड्रायव्हराला काय तुझं तोंड दिसणार आहे? आणि वात वर कर. अजून वर."

पुढे गेलो. सिग्नलांचे दिवे रांगेत मांडलेले आणि त्यांच्यापुढे, दिवेवाल्यांवर खेकसत, मान तिरकी करून उभा वाश्या. अंगात रेल्वेचा कोट, कोपरावर ठिगळ.

"वाश्या," मी म्हटलं, "तू? आणि वात वर?"

त्यानं मला ओळखलं आणि तोंडभर हसला. "दत्तू! अरे, हे काय आपल्या वाचायला आहेत का? यांच्यावर माणसं जातात." दिवेखोलीवर कारकून होता. बायको, दोन मुलं, स्टेशनामागे खोली. गुरुजींनी पाठवलेला पुढचा पोरगा मॅट्रिक झाला, हे त्यानं मला अभिमानानं सांगितलं. मला ते ऐकवेना. गाडी सुटायला थोडाच वेळ होता.

"वासू, त्या दिवशी मी पानं गाळली होती. मुद्दाम," मी म्हटलं.

"माहीत आहे की," तो म्हणाला. "चारपाच असतील. एक पान उलटलं की सुर्र होतं. तेव्हा फडफड झाली."

पंधरा वर्षं मी हा धोंडा छातीवर घेऊन हिंडलो, आणि या गृहस्थाला माहीत होतं! "मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुला?" मी फलाटावर ओरडलो. दिवेवाले बघायला लागले.

"चिमणीत तेल बोटभर उरलं होतं. मागं जाऊन सुटलेलं पान शोधायचं म्हणजे वात वर करावी लागली असती. तुझे डोळे लाल झालेले. म्हटलं, सकाळी मास्तरांकडे जाता जाता उजेडात वाचून काढू."

"मग?"

"उजाडलंच नव्हतं. आणि नंतर तुला विचारावं तर तुझा घसा पार बसलेला."

"कंदील न्यायचा होतास! काकूंचा कंदील होता ना खुंटीला!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळा. "पहाटे? कंदील?" तो म्हणाला. "घटकाभरात तर उजाडणार होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. काय बोलायचं या माणसाला? माझी चूक होती ती होतीच, ती मी आजही नाकारत नाही. पण आयुष्य गेलं रे तुझं, बोटभर घासलेटापायी! हे मी त्याला म्हणणार होतो. त्याचे डोळे पाहून म्हटलं नाही. एवढंच म्हणालो, "वासू, मला माफ कर."

"अरे, तू तर वर्षभर वाचून दाखवलंस," तो म्हणाला. "माझं ऐकणं फुकट होतं, घसा तुझा गेला." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला घासलेटाचा वास होता.

शिट्टी झाली. मी डब्यात चढलो. दिवेवाले शिड्यांवर चढून खांबांवर दिवे लावत होते, एकामागून एक, लखलखीत. वासूचं काम संपलं होतं. रुळांच्या कडेनं, खडीतून, तो आपल्या खोलीकडे निघाला. एव्हाना चांगलंच अंधारलं होतं. हातात रेल्वेचा कंदील होता, आणि तो विझवलेला.

मी खिडकीतून अर्धा बाहेर झालो आणि ओरडलो, "वाश्या, कंदील लाव! पडशील मेल्या!"

त्यानं मागे न बघता हात हलवला. कंदील लावला नाही.